सुमनताईंची न चुकलेली मोटर

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. पिठाने माखलेल्या हातानेच फोन कानाला लावला. "मॅडम, आई गेली," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आतच पुढे म्हणाली, "सकाळी शटर वर केलं, पायरीवर सुई ठेवली, ती थांबायची वाट बघत बसली... आणि बसलीच." गच्चीवरून पूर्वेला एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले, कारण तिच्या आईने, सुमनताईंनीच मला शिकवलं होतं की चिमण्या उजव्या हाताला आल्या की तोंड उत्तरेला. तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, तुमची सुई इथेच आहे. सवडीने न्या."

माझी सुई! बारा वर्षांपूर्वीची, होकायंत्राची. मी ती विसरले होते असं म्हटलं तर कुणाला खरं वाटेल, पण मी विसरले नव्हते. मी ती आठवायचं टाळत होते.

पाचव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, पंख्याखाली दाटीवाटीने बसलेली सगळी कॉलनी. सुमनताईंच्या मोटरदुरुस्तीच्या दुकानाशेजारी वेल्डिंगचं काम करणारे शिंदेकाका बोलायला उभे राहिले. गडी रांगडा. म्हणाले, "ताईच्या हातून उभ्या आयुष्यात एकच मोटर चुकली, ती पेठवाल्यांची. ती बी दोन तासांत नीट करून दिली. आमच्या तर रोज चुका होत्यात." लोक हसले, डोळे पुसत हसले. कॉलनीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ताईची एकच चूक म्हणून कौतुकानं सांगतात. मग कुणीतरी माईक माझ्या हातात दिला. मी काय बोलले? जिद्द, कष्ट, आदर्श... बक्षीस समारंभात बोलतात तसली वाक्यं. बोलून खाली बसले आणि घरी येईपर्यंत स्वतःला भित्री, भित्री म्हणत आले. कारण ती एक मोटरसुद्धा सुमनताईंच्या हातून चुकलेली नव्हती. ती मी चुकवली होती, आणि वर त्यांच्यावर ढकलली होती. माईकवर जे जमलं नाही ते इथे लिहिते आहे.

मी सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेत एक जुनी दाखवायची मोटर होती. एका वर्षी मुलांनी ती इतकी तापवली की वास वऱ्हांड्यात गेला. ती पिशवीत घालून मी जेलरोडच्या आतल्या गल्लीत वाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरमध्ये नवी तार भरून देणारं, दुकान शोधत गेले. दुकानात कमरेला पदर खोचलेली, चाळिशीची एक बाई तांब्याच्या तारेचं वेटोळं घालत बसली होती. मी विचारलं, "वाइंडिंग करणारे कुठे गेलेत?" तिने मान वर न करताच उत्तर दिलं, "समोर बसलेत." मी ओशाळले. पुढे कळलं की दिवसातून दहा जण तिला हाच प्रश्न विचारत. तिचे पती दिलीपराव हे वाइंडिंगचे कारागीर. लग्न झाल्यापासून ही घरी बसून त्यांच्या मोटरांच्या खाचांमध्ये कागद घालायची, तारा बसवायची, दोऱ्याने बांधायची. दिलीपराव एका दुपारी छातीत कळ येऊन गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिने दुकानाचं शटर स्वतः वर केलं. मिक्सर, कूलर, पंखे येत राहिले. मोठी मोटर मात्र तिच्याकडे कुणी आणत नव्हतं.

त्या पहिल्याच भेटीत तिने माझी विकेट काढली. मी भौतिकशास्त्राची मॅडम आहे हे कळल्यावर हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाली, "एक विचारू का? राग नाय ना येणार?"

"विचारा की."

"लोहचुंबकाची सारखी टोकं ढकलतात, वेगळी टोकं ओढतात. बरोबर?"

"बरोबर."

"मग सुईचं उत्तर टोक उत्तरेकडं ओढलं जातं, तर तिकडं वर जे कोण बसलंय ते दक्षिण टोक असलं पायजे. मग त्याला उत्तर काय म्हणून म्हणता?"

मी उभीच राहिले! उत्तर मला माहीत होतं, पुस्तकात एका ओळीत दिलेलं असतं. पृथ्वीच्या उत्तरेला चुंबकाच्या हिशेबाने दक्षिण ध्रुव आहे. मी ती ओळ दरवर्षी फळ्यावर लिहायची, मुलं दरवर्षी उतरवून घ्यायची, आणि इतक्या वर्षांत एकाही पोराला तिच्यात काही गंमत दिसली नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नाही. आणि ही बाई नववीत शाळा सुटलेली, नुसत्या सुईकडे बघून बघून तिथे पोचली होती. मी आनंदाने तिचा हातच धरला. हाताला वॉर्निश लागलं, ते दोन दिवस निघालं नाही.

मग काय, मी बसलेच. पुढचा तासभर आम्ही दोघी वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलींसारख्या बोलत होतो. मी सांगितलं की नावं माणसांनी दिलीत, सोयीसाठी. सुईचं जे टोक उत्तरेकडे जातं त्याला उत्तर म्हटलं, बस्स. ती म्हणाली, "मग प्लस-मायनसचं बी तसंच?" तसंच. ज्यांनी धन आणि ऋण ही नावं ठेवली त्यांना तारेतून नेमकं काय वाहतं ते ठाऊकच नव्हतं. मागाहून कळलं की धातूच्या तारेत वाहणारे कण ऋण बाजूने निघतात आणि धन बाजूकडे जातात. तोवर नावं रुळली होती, ती तशीच राहिली. यावर ती खो खो हसली. म्हणाली, "म्हंजे तुमच्या सायन्समधी बी एकदा नाव पडलं की पडलं!" तिच्या हसण्यात थोडी धार होती, आणि ती का होती हे समजायला मला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुस्तक उघडलंच नाही, सुमनताईंचा प्रश्न तेवढा मुलांपुढे टाकला. त्या तासाला जो गोंगाट झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले.

तेव्हापासून मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर दुकानात जायला लागले. आमच्या सोसायटीतल्या बायका विचारायच्या, तिथे जाऊन करता काय? मी म्हणायचे, शिकते. त्यांना वाटायचं मी चेष्टा करते. पण मी शिकतच होते! एका शनिवारी तिने एका मोटरचा फिरणारा भाग काढून बाजूला ठेवला, आतल्या पोकळीत गोल बसवलेल्या कॉइल दाखवल्या आणि स्कूटरच्या जुन्या बॅटरीच्या दोन वायरी त्यांना जोडल्या. मग कमरेच्या पिशवीतून रुपयाएवढी सुई काढली. होकायंत्राला ती सुईच म्हणायची. सुई तिने त्या पोकळीत, कॉइलच्या कडेकडेने हळूहळू फिरवली. पहिल्या गटापाशी लाल टोक पोकळीच्या भिंतीकडे गेलं. पुढच्या गटापाशी गर्रकन वळून पांढरं टोक गेलं. पुढे पुन्हा लाल. पुन्हा पांढरं. लाल, पांढरं, लाल, पांढरं... अख्खा गोल पुरा! "असं एक आड एक आलं पायजे," ती म्हणाली. "कुठं लाल-लाल शेजारी आले की समजायचं, एक कॉइल उफराटी जोडलीय. मग मोटर नुसती घुमती, फिरत नाय."

माझ्या अंगावर काटा आला होता. ध्रुव म्हटलं की मी मुलांना पट्टीचुंबकाचं चित्र काढायला लावायची, एक टोक लाल, एक टोक निळं, पाच गुण. आणि इथे हातभर मोटरच्या पोटात ध्रुव रांगेने उभे होते, एकमेकांच्या उलट, आणि उलट होते म्हणूनच मोटर फिरणार होती. मी विचारलं, "यातला उत्तर ध्रुव कुठला?" ती म्हणाली, "कुठला का असंना. शेजाऱ्याच्या उलटा असला म्हंजे झालं." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. आजही कुणी मला ध्रुवीयता म्हणजे काय असं विचारलं तर मी व्याख्या सांगत नाही, हे सांगते. एकट्या टोकाला काही अर्थ नाही. ते कुणाच्या तुलनेत आहे, ते आधी सांगा.

आता माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट आवडली की मी ती सगळीकडे लावत सुटते. एकदा लाउडस्पीकरचा एक चुंबक फुटून आला होता. मी दोन्ही तुकडे हातात घेऊन म्हटलं, "बघा सुमनताई, चुंबक तोडला तरी अर्धा होत नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा आपली दोन टोकं असतात. दिलीपराव गेले, पण तुम्हीसुद्धा अशाच पुऱ्या आहात." मला वाटलं केवढं सुंदर बोलले मी! तिने तुकडे माझ्या हातातून काढून घेतले आणि भंगाराच्या डब्यात टाकले. "मॅडम, लोहचुंबकाचं माणसाला लावू नका. माणूस तुटतं." एवढं बोलून तिने चहा ठेवला. आम्ही चहा प्यायलो, आणि त्यानंतर मी तसलं काही बोलले नाही.

तिची एक रोजची सवय होती. सकाळी शटर वर केलं की झाडूच्याही आधी ती सुई काढून पायरीवर ठेवायची, लोखंडी शटरपासून लांब, अगदी बाहेरच्या कडेला. सुई डुलून डुलून थांबेपर्यंत बसून राहायची. उजव्या हाताला चिमण्या, लाल टोक समोर, की मग उठायची आणि कामाला लागायची. मी एकदा हसून म्हटलं, "ताई, ही काय पूजा म्हणायची?" ती म्हणाली, "पूजा कशाला? दिवसभर हिचंच ऐकायचं, तर सकाळी एकदा हिला तपासायला नको? मोठ्या कॉइलजवळ गेली, चुंबकाजवळ गेली, तर फिरती तिची अक्कल." मी मान डोलावली. हे मला माहीत होतं, मी शिकवतही होते. तिचा तो सोहळा मला मात्र थोडा अतीच वाटायचा. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं, म्हणून सांगते.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी पेठकडच्या एका पाड्यावरचे लोक जीपमध्ये मोटर घालून आले. खालच्या विहिरीतलं पाणी वरच्या टाकीत चढवणारी मोठी मोटर, जळलेली. तिच्यासोबत सोमनाथ म्हणून एक शांत माणूस आला होता. तो म्हणाला, "ताई, बाकीची दुकानं आठ दिस सांगत्यात. आमच्या बाया तीन दिसांपासून खालून डोक्यावर पाणी आणत्यात. तुमी कवा देता?" त्याच्याबरोबरचा एकजण मात्र दुकान वरपासून खालपर्यंत बघत होता. त्याने शिंदेकाकांना हळूच विचारलेलं आम्हाला ऐकू गेलं, "बाई भरणार मोटर? फिरंल का?" सुमनताईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रविवारी या, घेऊन जा." ते गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, ही फिरली तर दुकान चाललं. नाय फिरली तर जन्मभर मिक्सरच भरायचे." प्रज्ञा तेव्हा माझ्याच वर्गात अकरावी संपवून बारावीला जाणार होती, तिच्या पुढच्या शिक्षणाचं सगळं या दुकानावर होतं. म्हणजे त्या मोटरवर काय काय टांगलेलं होतं, हे मला पुरतं ठाऊक होतं.

तीन दिवस ती बाई त्या मोटरपाशीच होती. शनिवारी दुपारी मी पोचले तेव्हा तारा भरून झाल्या होत्या आणि सहा वायरी बाहेर लोंबत होत्या. या मोटरमध्ये कॉइलचे तीन संच असतात, प्रत्येकाची दोन टोकं, एक सुरुवात आणि एक शेवट. तिन्ही सुरुवाती ओळखून त्यांना खुणेचा दोरा बांधायचा, मग जोडणी करायची. ओळखायचं सुईनेच. पोकळीत तिने खडूने तीन फुल्या मारल्या होत्या. बॅटरीचा प्लस संचाच्या एका वायरीला लावायचा, सुई फुलीपाशी धरायची, लाल टोक भिंतीकडे ओढलं गेलं तर ती वायर सुरुवात, नाहीतर दुसरी. दोन संच तिने माझ्यासमोर तपासून दोरे बांधले. तेवढ्यात बाहेर एक बाई भांडायला आली, तिच्या कूलरचा पंखा उलटा फिरत होता. सुमनताई सवयीने सुई कमरेच्या पिशवीत टाकून बाहेर गेल्या.

मी किती खुशीत होते म्हणून सांगू! पेठच्या पाड्यावर पाणी चढवणारी मोटर, आणि तिचा तिसरा संच माझ्या हाताखाली. मी हाक मारली, "ताई, तिसरा मी करू?" बाहेरून भांडणातूनच आवाज आला, "करा की!" तिची सुई तिच्यापाशी होती, म्हणून मी पर्समधून माझी काढली. प्रयोगशाळेची, तिच्या सुईपेक्षा चांगली, काचेवर एक चरा नाही. बॅटरी लावली, फुलीपाशी सुई धरली, लाल टोक भिंतीकडे गेलं, मी दोरा बांधला आणि विजयी वीरासारखी उभी राहिले. सुमनताई आत आल्या, तीन दोरे बघून म्हणाल्या, "झालं का? वा!"

रविवारी सोमनाथ आणि मंडळी आली. मोटर जोडून तयार होती. शिंदेकाका आले, गल्लीतली दहाबारा माणसं जमली. सुमनताईंनी स्टार्टरचं बटण दाबलं... आणि मोटर घुमली. फिरलीच नाही. घूंऽऽ करत थरथरत राहिली, टेबल हलायला लागलं, आणि सुमनताईंनी झटकन बंद केली. तो शंका काढणारा गडी सोमनाथकडे बघून नुसता हसला. ते हसू मला अजून दिसतं.

आणि मी काय केलं? मी, मुलांना सत्य प्रयोगातून शोधा म्हणून सांगणारी! चारचौघांत मोठ्याने म्हणाले, "ताई, तुमच्या दोन संचांत काहीतरी गडबड झाली असणार. तिसरा मी स्वतः तपासलाय, तो चुकणार नाही."

सुमनताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सोमनाथला म्हणाल्या, "भाऊ, चूक माझी हाय. मला दोन तास द्या. चहा घ्या, कुठं जाऊ नका." सोमनाथ म्हणाला, "ताई, मोटर घेतल्याबिगर मी काय जात नाय." त्यांनी साखळीची कप्पी लावून मोटरचा फिरणारा भाग बाहेर काढायला लावला, पुन्हा बॅटरी जोडली आणि आपल्या सुईने पहिला संच तपासला. बरोबर. दुसरा. बरोबर. तिसऱ्यापाशी सुईचं पांढरं टोक भिंतीला गेलं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा पांढरं. मी म्हटलं, "अशक्य! मी काल पाहिलंय, लाल होतं." आणि माझी सुई काढून तिथे धरली. लाल!

मग त्यांनी माझ्या हातातली सुई घेतली, आपली घेतली, बाहेर पायरीवर जाऊन दोन्ही हातभर अंतरावर ठेवल्या आणि वाट बघत बसल्या. त्यांच्या सुईचं लाल टोक हळूहळू उत्तरेला थांबलं. माझ्या सुईचं लाल टोक दक्षिणेला. दोघी एकाच रेषेत, पण एकमेकींकडे पाठ करून बसल्यासारख्या. मग त्यांचं लक्ष माझ्या पर्सकडे गेलं. देवळाली कॅम्पच्या बाजारातून घेतलेली नवी पर्स, मोठ्या हौसेने घेतलेली. तिचं झाकण बंद करायला टच्चकन बसणारं चुंबकाचं बटण होतं, आणि त्याच्या मागच्या कप्प्यात मी महिनाभर सुई ठेवत होते. त्या बटणाने सुईचे ध्रुव उलटे करून टाकले होते. रंग तसाच, चुंबक उलटा! आणि मी, भौतिकशास्त्राची मॅडम, ती एकदाही पायरीवर ठेवून पाहिली नव्हती.

मला वाटलं आता त्या मला झाडणार, झाडायलाच हवं होतं. पण सुमनताईंनी ते बटण उघडलं, टच्चकन लावलं, पुन्हा उघडलं, आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की पदराने तोंड दाबून घ्यावं लागलं. मग उठल्या, तिसऱ्या संचाचा दोरा या वायरीवरून त्या वायरीवर बांधला, मोटर जोडली. बटण दाबलं. आणि फिरली हो! असा गोड, एकसुरी आवाज, की सोमनाथ दोन्ही हात जोडून उभा राहिला. त्या शंकेखोराने पुढे होऊन मोटर जीपमध्ये चढवायला खांदा दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी सोमनाथचा फोन आला. सुमनताईंनी तो मोठ्या आवाजावर टाकला. आधी नुसता पाण्याचा आवाज, टाकीत धबाधबा पडणाऱ्या पाण्याचा, आणि मग बायकांचा गलका. "ताई, चढलं! पाणी चढलं!" आम्ही दोघी दुकानात नाचायच्या तेवढ्या राहिलो होतो. त्यानंतर पेठपासून थेट सटाण्याकडच्या मोटरा तिच्याकडे यायला लागल्या.

मी म्हटलं होतं, "ताई, चूक माझी होती, मी सगळ्यांना सांगते." त्या म्हणाल्या, "नाय. वर्गातली पोरं तुम्हाला हसतील, त्यात माझी पोरगी बी बसती. माझं काय, माझी मोटर फिरली." मी म्हटलं, "निदान ही खोटी सुई तरी द्या इकडे, मोठ्या चुंबकावर घासून सरळ करते." त्यांनी मूठ मिटली. "खोटी नाय ती. उलटी हाय. उलटं नि खोटं यात लय फरक हाय, मॅडम. खोटी असती तर आज एक नि उद्या एक सांगितलं असतं." सुई त्यांच्याकडे राहिली. मी गप्प राहिले. आधी वाटलं, सांगू कधीतरी. मग ताईची एकच चूक ही गोष्ट कॉलनीत फिरायला लागली, आणि एवढी लाडकी झाली की ती खोडून काढायचा धीर मला झाला नाही. त्या स्वतःही ती गोष्ट ऐकून हसायच्या आणि माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. कसलं मन म्हणायचं हे!

गेल्या शनिवारी मी दुकानात गेले. जवळजवळ दीड महिना माझं धाडस झालं नव्हतं. प्रज्ञा आता इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून आईच्या जागेवर बसते. नामपूरहून कांद्याच्या चाळीतल्या मोठ्या पंख्याची मोटर आली होती, तिच्या वायरी बाहेर काढलेल्या होत्या. मी बसायच्या आधीच म्हटलं, "प्रज्ञा, मला तुला एक सांगायचंय. ती पेठची मोटर..."

"मला माहितीये, मॅडम."

"काय माहितीये?"

"पर्सचं बटण. आईनं त्याच दिवशी सांगितलं. वर बजावलं की कुठे बोललीस तर याद राख." आणि ती अगदी आईसारखी, पदर नसल्यामुळे तोंडावर हात धरून हसली. म्हणजे पुढे बारावीचं अख्खं वर्ष ही पोरगी समोर बसून माझी लोहचुंबकावरची व्याख्यानं ऐकत होती! मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग तिने खणातून एक डबी काढली. आत ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेली माझी सुई. काच आता चरे पडून धुरकट झाली होती. मी म्हटलं, "एवढी वापरलेली कशी? मला वाटलं पडून असेल." प्रज्ञा म्हणाली, "पडून? त्या दिवसापासून एकही मोटर हिच्याशिवाय बंद झाली नाही. आई आधी आपल्या सुईनं तपासायची, मग तुमच्या सुईनं. एकाच फुलीला दोघींनी उलट सांगितलं, तरच दोरा बांधायचा. सारखं सांगितलं तर समजायचं, एकीची अक्कल फिरली, पायरीवर ठेवा. दोन वेळा झालं तसं, आईचीच सुई फिरली होती. तुमच्या सुईमुळे सापडली."

बारा वर्षं! ज्या चुकीची मला लाज वाटत होती, ती त्या बाईने रोज सकाळी कामाला लावली होती, आणि माझं नाव कुठे येऊ दिलं नव्हतं. मी रडले, सरळ रडले. प्रज्ञाने पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मग आईची सुई स्वतः घेऊन माझी माझ्या हातात दिली. "चला मॅडम, नामपूरवाला यायचाय. तिसरा संच राहिलाय."

तिने बॅटरी लावली. आधी तिची सुई फुलीपाशी. लाल. ती काढून लांब नेली, मग मी माझी धरली. सुई डुलली, वळली, पांढरं टोक भिंतीकडे थांबलं.

"उलट?" तिने विचारलं.

"उलट," मी म्हटलं.

"मग बांधा."

मी दोरा बांधला. सुई घरी आणली नाही, पुन्हा त्या कापडात गुंडाळून डबीत ठेवली. शिंदेकाका, तुम्ही हे वाचाल, निदान कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल. ताईच्या हातून एकही मोटर चुकली नाही. विश्वास नसेल तर सकाळी दुकानात जा. प्रज्ञा शटर वर करून पायरीवर दोन सुया ठेवते, हातभर अंतरावर. त्यातली दक्षिणेकडे लाल टोक करून थांबते ती माझी.